घामाची शिल्लक दोघांची

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल. घटस्फोटाच्या वेळी पती-पत्नींनी निवृत्तीची पुंजी कशी वाटून घ्यावी, हा वकिलांचा विषय. अभ्यासवर्गात तो कशासाठी? शंका रास्त आहे. मी वकील नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. परंतु संपत्ती कोणाच्या श्रमातून उभी राहते आणि ती कोणाच्या नावावर लागते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि समाजवादाचा तर तो पहिलाच प्रश्न आहे. गिरणीच्या दारात आपण तो नेहमी विचारतो. घराच्या उंबरठ्यावर मात्र तो विचारावयाचे विसरतो. म्हणून हा विषय.

मालमत्तेच्या प्रश्नाशी आपल्या गावाचे नाते जुने आहे. १९४९ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे आपली जुनी गिरणी, बंद पडली. १९५० च्या आरंभी सरकारने वटहुकूम काढून आणि पाठोपाठ कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला. तेव्हा आपला मालमत्तेचा मूलभूत हक्क हिरावला गेला, अशी तक्रार घेऊन एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा अर्ज त्याच वर्षाच्या अखेरीस फेटाळला गेला. पण दुसऱ्या एका भागधारकाच्या दाव्यात १९५३ मध्ये न्यायालयाने भागधारकाच्या बाजूने कौल दिला. प्रजासत्ताकाच्या पहिल्या चार वर्षांत भागधारकाची मालमत्ता म्हणजे काय, याचा इतका बारीक खल झाला. त्या गिरणीतल्या कामगाराची मालमत्ता कोणती, आणि पहाटे उठून त्याला डबा बांधून देणाऱ्या बाईची मालमत्ता कोणती, हा प्रश्न कोणत्याही न्यायासनापुढे आला नाही. तो आज आपण आपल्यापुढे घेऊ.

एका बाईचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची थोरली बहीण कागदांची पिशवी घेऊन माझ्या घरी आली. लग्नाला सव्वीस वर्षे झालेली. नवरा एका कार्यालयात नोकरीला. घटस्फोट झाला, न्यायालयाने दरमहा पोटगी बांधून दिली. पुढे वर्षभरात नवरा सेवानिवृत्त झाला. प्रॉव्हिडंट फंड, उपदान, शिल्लक रजेचे पैसे, सारे एकरकमी त्याच्या हाती आले. आणि पगार थांबला म्हणून पोटगीही थांबली. बाई कायद्याची भाषा बोलत नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, त्यांच्या पगारातून दर महिन्याला फंड कापला जायचा आणि उरलेल्या पैशांत महिना मी काढायची. कापलेले पैसे मग त्यांचे एकट्याचे कसे झाले?"

बचत म्हणजे काय, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल. आजचा उपभोग टाळून उद्यासाठी राखलेले उत्पन्न म्हणजे बचत. पण उपभोग कोणी टाळला, हे मी विद्यार्थ्यांना कधी विचारले नव्हते. फंडाची कपात पगारपत्रकावर पतीच्या नावापुढे होते; तिची झळ स्वयंपाकघराला लागते. नवे लुगडे पुढच्या सणावर जाते, दूध अर्धा लिटरने कमी होते, दुखणे अंगावर काढले जाते. त्या त्यागाचे नाव कोणत्याही पासबुकात नसते. बाईंच्या एका वाक्याने माझ्या पुस्तकी व्याख्येतली उणीव माझ्या पदरात घातली.

किती पैशांची गोष्ट आहे?

कोणी म्हणेल, गरिबाच्या घरी वाटून घ्यावयाला असते काय? हिशेब करू. हिशेब सोपा जावा म्हणून समजा, एखाद्या कामगाराची मजुरी पंचवीस वर्षे दरमहा १५,००० रुपयेच आहे. फंडात त्याचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये जातात. मालकही १२ टक्के भरतो, त्यांतले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, १९९५ च्या योजनेप्रमाणे निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात आणि उरलेले ५५० फंडात. म्हणजे फंडात दरमहा २,३५० रुपये. पंचवीस वर्षांचे, व्याज न धरता, ७ लाख ५ हजार होतात. वर्षाला पंधरा दिवसांच्या मजुरीप्रमाणे उपदान सुमारे २ लाख १६ हजार. शिवाय हयातभर निवृत्तिवेतन. या कामगाराच्या नावावर जमीन नाही, घर बहुधा भाड्याचे किंवा वडिलोपार्जित खोलीतला हिस्सा. त्याच्या संसाराने उभी केलेली खरी मालमत्ता हीच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे पंचविसावे कलम न्यायालयाला कायम पोटगी ठरविण्याचा अधिकार देते. ती ठरविताना दोघांचे उत्पन्न आणि इतर मालमत्ता लक्षात घ्यावी, असे त्यात आहे. सत्ताविसावे कलम लग्नाच्या वेळी मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंची व्यवस्था लावते. म्हणजे लग्नातल्या भांड्यांची वाटणी कायद्याला सुचली. लग्नानंतर तीस वर्षांत जे दोघांनी मिळून जमविले त्याच्या वाटणीचा नियम मात्र सुचला नाही. जे ज्याच्या नावावर, ते त्याचे.

पंचविसाव्या कलमातली आणखी एक तरतूद ध्यानात घेण्याजोगी आहे. पोटगी बुडू नये म्हणून न्यायालय तिचा बोजा प्रतिपक्षाच्या स्थावर मालमत्तेवर ठेवू शकते. स्थावर मालमत्ता, म्हणजे वाडा, शेत, दुकान. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणता नवरा होता, हे यावरून कळते. वाड्याच्या मालकाची बायको काही अंशी सुरक्षित झाली. ज्याचा वाडा म्हणजेच त्याचा फंड, त्या कामगाराच्या बायकोला बोजा ठेवावयाला जागाच उरली नाही.

ढाल कोणाविरुद्ध?

जागा उरली नाही, कारण फंडाला जप्तीपासून संरक्षण आहे. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यातील दहाव्या कलमाने सभासदाच्या खात्यावरील रक्कम कोणत्याही कर्जापोटी जप्त होणार नाही अशी व्यवस्था केली. १९७२ च्या उपदान कायद्यातही असेच कलम होते. हे कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गुंफले गेले, तरी तत्त्व तेच राहिले. ही ढाल कामगार चळवळीने झगडून मिळविली आहे. सावकाराचा हात कामगाराच्या म्हातारपणापर्यंत पोहोचू नये, हा तिचा हेतू. तिला भोक पाडा, असे मी म्हणालो तर आपण मला या व्यासपीठावरून खाली उतरवाल, आणि ते योग्यच ठरेल.

पण प्रश्न असा की, पत्नी ही सावकार आहे काय? तिने नवऱ्याला कर्ज दिलेले नाही. तिने त्याच्याबरोबर बचत केली आहे. हा भेद आपल्या कायद्याला अगदीच परका नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात सामान्य कर्जासाठी पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून मुक्त आहेत. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र केवळ एक तृतीयांश मुक्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये, पत्नी ही ऋणको-धनको व्यवहारातली धनको नव्हे, या विचाराने पोटगीसाठी निवृत्तिवेतनावर टाच आणता येते असा निर्णय दिला. वाट दिसू लागली आहे. परंतु तीही पोटगीची वाट आहे. पोटगी म्हणजे गरजेपोटी मिळणारा निर्वाह. तो कमी होतो, थकतो, पुनर्विवाह केला तर रद्द होऊ शकतो. मी बोलतो आहे ते वाट्याविषयी. वाटा हा हक्क असतो.

अमेरिकेतला अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथे १९७४ च्या कायद्याने कामगाराचे निवृत्तिवेतन धनकोंपासून आपल्याप्रमाणेच सुरक्षित केले. घटस्फोटित बायका त्या भिंतीवर आदळू लागल्या. तेव्हा १९८४ मध्ये कायद्यात एक दार ठेवले गेले: न्यायालयाचा विशिष्ट स्वरूपाचा हुकूम असेल, तर योजनेने पती वा पत्नीचा वाटा थेट तिच्या किंवा त्याच्या नावे द्यावा. सावकारासाठी ढाल तशीच राहिली. आपल्या गावचे जोडपे न्यू जर्सीत नोकरीला गेले आणि तेथे विभक्त झाले तर पत्नीला हा वाटा मागता येतो. तेच जोडपे सोलापुरात राहिले असते तर तिला पोटगीच्या अर्जावर समाधान मानावे लागले असते. जर्मनीने १ जुलै १९७७ पासून विवाहकाळात दोघांनी मिळविलेल्या निवृत्तिवेतनाच्या हक्कांची बरोबरी करण्याचा नियम केला. इंग्लंडमध्ये अशी विभागणी डिसेंबर २००० पासून करता येऊ लागली. या देशांत भांडवलशाही आहे, समाजवाद नव्हे. तरीही एवढा न्याय त्यांना परवडला.

आणि परदेशाकडेच कशाला पाहावयाचे? शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली, विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मिळकत समाईक मानण्याची पद्धत आहे. विवाह मोडला की अर्ध्या वाट्याचा हक्क. ती व्यवस्था निर्दोष नाही, कारभार नवऱ्याच्या हाती देण्याची जुनी खोड तिच्यात आहे. पण संसार ही भागीदारी आहे, हे तत्त्व कोकणी-मराठी बोलणाऱ्या समाजात शतकाहून अधिक काळ नांदले. त्यामुळे कुटुंबसंस्था बुडाली, असे कोणी म्हणत नाही.

विसरलेली शिफारस

आपल्याकडे हा विचार कोणी मांडलाच नाही असेही नाही. मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्येच केला होता, देशाच्या आठ वर्षे आधी. भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयी नेमलेल्या समितीने १९७४ च्या 'समानतेकडे' या अहवालात, पत्नीच्या घरकामाचे आर्थिक मूल्य कायद्याने मान्य करावे आणि विवाहविच्छेद किंवा विभक्तपणाच्या वेळी विवाहकाळात जमलेल्या मालमत्तेचा किमान एक तृतीयांश भाग तिला मिळावा, अशी शिफारस केली. २०१० च्या विवाहकायदे दुरुस्ती विधेयकात पतीच्या मालमत्तेतील वाट्याचे कलम राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले. लोकसभा विसर्जित झाली आणि २०१४ मध्ये विधेयकही बुडाले. पन्नास वर्षांत शिफारस कागदावरून कागदावर गेली, कायद्यात उतरली नाही.

दरम्यान न्यायालयांनी घरकामाचे मोल ओळखले, पण कोठे? मोटार अपघाताच्या दाव्यांत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या आरंभी गृहिणीच्या श्रमाला उत्पन्न मानून भरपाई ठरविली पाहिजे असे निःसंदिग्धपणे सांगितले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु रस्त्यावर मेलेल्या गृहिणीच्या श्रमाचा हिशेब करणारा कायदा, जिवंत गृहिणी घटस्फोटाच्या दारात उभी राहिली की वही मिटतो, हे कसले तर्कशास्त्र? २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असे आढळले. पाच तासांचे हे बिनमजुरीचे काम झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी मागावर उभा राहणारा कामगार उभा राहू शकणार नाही.

कुंभारीचा धडा

येथवर माझे विवेचन सरळ होते. मीही बरीच वर्षे 'निम्मे-निम्मे' एवढीच मागणी करीत असे. ती मला बदलावी लागली, आणि ती एका विडी कामगार बाईने बदलावयास लावली.

विडी कामगार महिलांसाठी उभ्या राहिलेल्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत मी एकदा याच विषयावर बोलत होतो. एक बाई मध्येच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या फंडातला अर्धा मी त्याला द्यायचा?" सभा हसली, मी हसू शकलो नाही. सोलापूरचे वैशिष्ट्य मी विसरलो होतो. येथे हजारो घरांत फंड आहे तो बाईचा. विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९७७ मध्ये लागू झाला. घरी बसून विड्या वळणारी बाई आमची कामगारच नव्हे, असे म्हणत कारखानदार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तिला कामगार ठरविले आणि तिचा फंड शाबूत राहिला. तिचा नवरा मात्र बहुधा यंत्रमागावर, आणि तेथे कामगारांची संख्या कागदोपत्री वीसच्या आत ठेवून फंड चुकविण्याची युक्ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. आंधळा निम्मा वाटा म्हणजे सुपात हजार विड्या वळून, वर स्वयंपाक-पाणी करून, पोरे वाढवून बाईने जमविलेल्या पैशांतला अर्धा, मजुरी गुत्त्यात ठेवून येणाऱ्या नवऱ्याच्या हाती देणे.

मग काय करावयाचे? समतेचे तत्त्व सोडावयाचे? नव्हे, ते पुरतेपणी लावावयाचे. वाटा नवरा किंवा बायको असण्याचा नसतो. वाटा श्रमाचा असतो. घराबाहेरचा श्रम आणि घरातला श्रम, दोन्ही तराजूत घाला. ज्याने घर चालविण्यासाठी कमावले नाही आणि घरातही हात लावला नाही, त्याचे पारडे रिकामे राहील. ज्या बाईने दोन्ही केले, तिच्या फंडाला कोणी हात लावू शकणार नाही, उलट नवऱ्याच्या नावावर काही असेल तर त्यात तिचा हक्क राहील. कुंभारीच्या बाईंनी माझी मागणी मोडली नाही, ती पुरी केली.

आपण काय मागावे

माझी मांडणी चार कलमांत सांगतो. पहिले, विवाहविच्छेदाच्या कोणत्याही दाव्यात दोन्ही पक्षांनी फंड, उपदान व निवृत्तिवेतन यांचा अधिकृत उतारा दाखल करणे सक्तीचे असावे, आणि दावा चालू असता त्यातून रक्कम काढण्यास न्यायालयाची परवानगी लागावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगीच्या दाव्यांत उत्पन्न, मालमत्ता व देणी यांची प्रतिज्ञापत्रे बंधनकारक केली आहेत. त्याच पायावर हे उभे राहू शकते.

दुसरे, विवाहकाळात साठलेली रक्कम दोघांची मानावी. तीस वर्षांच्या नोकरीत वीस वर्षे संसार झाला असेल तर वीस वर्षांचीच रक्कम हिशेबात धरावी. घर सांभाळणाऱ्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून कमी नसावा आणि साधारणपणे निम्मा असावा. दोघांच्याही खात्यांची वजाबाट व्हावी. आणि एका विशिष्ट रकमेखालील फंड वाटणीतून वगळावा.

तिसरे, हा वाटा रोख देऊ नये. त्याच निधीत तिच्या किंवा त्याच्या नावाचे वेगळे खाते उघडून तो वर्ग करावा. पैसा म्हातारपणासाठी साठला, तो म्हातारपणीच कामी यावा. शिवाय दीर्घकाळ संसार केलेल्या घटस्फोटितेला कुटुंबनिवृत्तिवेतनात वर्षांच्या प्रमाणात वाटा मिळावा. आज घटस्फोटाच्या सहीबरोबर तिचे नाव त्या यादीतून पुसले जाते.

चौथे, हा हक्क केवळ घटस्फोटापुरता ठेवू नये. २०११ च्या जनगणनेत विभक्त राहणाऱ्यांची संख्या घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट आहे. आपल्या समाजात बाईला सोडण्यापेक्षा टाकण्याची रीत मोठी. टाकलेल्या बाईला न्यायालयाची पायरी एकदाच चढून हा वाटा मागता आला पाहिजे.

हे सारे कोठे घालावयाचे? व्यक्तिगत कायद्यांत नव्हे, कामगार कायद्यात. व्यक्तिगत कायद्याला हात घातला की १९८५ नंतर शाहबानो प्रकरणात काय झाले, ते आपण पाहिले आहे: बाईची भाकरी बाजूला पडते आणि धर्माचे नगारे वाजू लागतात. फंडाच्या खात्याला धर्म नसतो. त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध कामगाराचे पैसे एकाच दराने कापले जातात. मग वाटाही एकाच नियमाने निघू शकतो.

अशाने घटस्फोट वाढतील, हा आक्षेप मला ठाऊक आहे. उपासमारीच्या भीतीने टिकलेल्या संसाराला टिकलेला म्हणावयाचे असेल तर गोष्ट वेगळी. भीती गेली तर काही संसार मोडतील. काही अधिक शहाणपणाने चालतील, कारण दोघांनाही एकमेकांच्या श्रमाची किंमत मोजून पाहावी लागेल.

शेवटी एक कडवट गोष्ट, आणि ती मी आपल्याला म्हणूनच सांगतो. फंड भरला नाही म्हणून मालकाच्या दारात धरणे धरणारे आमचे कार्यकर्ते, तोच फंड घेऊन बायकोला घराबाहेर काढणाऱ्या सभासदाला काही विचारत नाहीत. "हा घरगुती मामला आहे," असे म्हणतात. मालकही एके काळी असेच म्हणत होता, की गिरणी हे माझे घर आहे, बाहेरच्यांनी लक्ष घालू नये. आपण ते मानले नाही, म्हणून फंडाचा कायदा झाला.

त्या बाईंना मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. कागद परत पिशवीत घालून त्या निघाल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "नाही ना कायद्यात? मग असू द्या." 'असू द्या' हा शब्द मला पटत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने पुढच्या महिन्याच्या सभेत हा विषय आपापल्या युनियनच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, एवढी विनंती करून मी थांबतो.